ऑनलाइन पदवी : मान्यता कशी तपासावी, श्रेयांक कसे सांभाळावेत

बारावीचे निकाल लागले की भिवंडीत कल्याण नाक्यापासून अंजूर फाट्यापर्यंत खांबाखांबावर जाहिराती लटकू लागतात. घरबसल्या पदवी, नोकरी सांभाळून पदवी, मध्ये कितीही वर्षांचा खंड असला तरी पदवी. हल्ली या जाहिराती खांबावर कमी आणि मोबाईलवर अधिक दिसतात, एवढाच फरक. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी आणि त्यांच्या मुलांपैकी कितीतरी जण या वाटेने जाऊ पाहतात, आणि त्यात काही गैर नाही. जो मुलगा दापोडे-माणकोलीच्या गोदामात रात्रपाळी करतो, ज्या मुलीला घरातील म्हाताऱ्या माणसांमुळे दुपारी घर सोडता येत नाही, ज्याने वडील गेल्यावर यंत्रमागावर उभे राहण्यासाठी प्रथम वर्ष अर्धवट टाकले, त्यांना सकाळच्या कॉलेजचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण हाच मार्ग आहे. तो मार्ग कायद्याने खुला आहे आणि रीतसर चालला तर त्याची पदवी कोणत्याही पदवीइतकीच पक्की आहे. प्रश्न आहे तो रीतसर म्हणजे काय, हा. प्रस्तुत लेखात तेवढ्याचाच विचार करण्याचे आम्ही योजले आहे.

आम्ही बँकेत कारकून आहोत. बँकेच्या लिपिक परीक्षेच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात जे वाक्य असते त्याचा अर्थ असा की, पदवी कोणत्याही शाखेची चालेल, पण ती भारत सरकारने मान्य केलेल्या विद्यापीठाची हवी. उमेदवार 'कोणत्याही शाखेची' हे शब्द वाचतात आणि पुढचे सोडून देतात. परीक्षेचा अर्ज भरताना कोणी काही विचारत नाही, परीक्षाही देता येते. पडताळणी होते ती सर्वांत शेवटी, निवड झाल्यावर, मूळ कागद टेबलावर ठेवल्यानंतर. आमच्या ओळखीतील एका होतकरू मुलाचे असेच झाले. त्याने अभ्यास केला, परीक्षा उत्तीर्ण झाला, राखीव जागेवर निवड झाली, जातवैधतेचे प्रमाणपत्र तयार होते. पदवी मात्र ज्या सत्रात त्याने प्रवेश घेतला त्या सत्रासाठी त्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची मान्यताच नव्हती. विद्यापीठ खोटे नव्हते. इमारत होती, कुलगुरू होते, संकेतस्थळ होते. तरीही पदवी चालली नाही आणि जागा गेली. राखीव जागेसाठी आपल्या समाजाने किती काळ झगडा केला हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. ती जागा एका कागदापायी जावी, याचे वाईट अधिक वाटते.

तीन वेगवेगळ्या गोष्टी

लोक 'मान्यता' हा एकच शब्द वापरतात, पण त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पदवी देण्याचा अधिकार. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ सालचा आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, कलम ३ खाली अभिमत ठरलेल्या संस्थांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बाकी कोणी 'बी.ए.', 'बी.कॉम.' अशी पदवी दिली तर तो कागद म्हणजे नुसता कागद. या कलमाचा भंग करणाऱ्याला त्याच कायद्यात शिक्षा काय, तर एक हजार रुपयांपर्यंत दंड! फसवणुकीचा गुन्हा वेगळा दाखल होऊ शकतो, पण मूळ कायद्यातील दंड हा असा आहे, म्हणून बनावट विद्यापीठे चालवणाऱ्यांना त्याची फारशी धास्ती नसावी. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. दिल्ली आणि उत्तर प्रदेशातील नावे त्यात ठळकपणे दिसतात आणि आपल्या राज्यातील नागपूरचेही एक नाव त्या यादीत वर्षानुवर्षे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'नॅक'चे मूल्यांकन. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ साली स्थापन झाली, तिचे मुख्यालय बंगळूर येथे आहे. ही परिषद कॉलेज किंवा विद्यापीठ किती चांगले चालले आहे ते पाहून श्रेणी देते. ती पदवीचा अधिकार देत नाही. 'ए प्लस' श्रेणीचे विद्यापीठ असले तरी त्याचा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य असतो असे नव्हे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नॅकची श्रेणी छापतात ती नेमकी या गैरसमजावर विसंबून. शिवाय या श्रेणीला मुदत असते. मुदत संपली की नव्याने मूल्यांकन करून घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट, आणि आपल्या कामाची हीच, म्हणजे दूरशिक्षणाची व ऑनलाइन शिक्षणाची परवानगी. ती आयोगाचा दूरशिक्षण विभाग देतो, त्याला डीईबी म्हणतात. २०१३ पर्यंत हे काम इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अखत्यारीतील दूरशिक्षण परिषद पाहत असे, ती बरखास्त झाल्यावर ते आयोगाकडे आले. सध्या लागू असलेले मूळ नियम ४ सप्टेंबर २०२० चे आहेत. विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेले असले, नॅकची श्रेणी उत्तम असली, तरी डीईबीची परवानगी नसेल तर त्या विद्यापीठाने दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन दिलेली पदवी चालत नाही.

ही परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक असते, माध्यमागणिक असते आणि सत्रागणिक असते. म्हणजे एखाद्या विद्यापीठाचा ऑनलाइन बी.कॉम. मान्य असू शकतो आणि ऑनलाइन एम.एस्सी. नसू शकतो. दूरशिक्षणाचा बी.ए. मान्य असून ऑनलाइन बी.ए. मान्य नसू शकतो. आणि जानेवारीच्या सत्राला मान्य असलेला अभ्यासक्रम जुलैच्या सत्राला नसू शकतो. यात पाहायचे असते ते प्रवेशाचे सत्र, उत्तीर्ण होण्याचे वर्ष नव्हे. प्रवेश घेताना मान्यता होती आणि नंतर विद्यापीठाने तो अभ्यासक्रम बंद केला, तर आधीच्या विद्यार्थ्यांची पदवी त्यामुळे जात नाही. उलट प्रवेशाच्या वेळी मान्यता नसेल आणि नंतर मिळाली, तर मागच्यांना ती लागू होईल असे समजून चालू नये.

अशा गोष्टी खरोखर घडल्या आहेत

हे सारे कागदी वाटत असेल तर तीन प्रकरणे पाहावीत.

छत्तीसगड राज्याने २००२ साली खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच काळात तेथे ११२ विद्यापीठे उभी राहिली. त्यांतील काहींचा पसारा भाड्याच्या खोलीपलीकडे नव्हता. प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. त्याबरोबर ती विद्यापीठेही गेली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्याच्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने ठेवली, पण मधल्या काळात मुलांची काय घालमेल झाली असेल याची कल्पना करावी.

दुसरे प्रकरण ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाचे. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. अभिमत विद्यापीठे खरी, पण दूरशिक्षणाने अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि एआयसीटीईची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास त्या परत मिळतील असे ठरवले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच केल्या. दहा-बारा वर्षे नोकरी करून, त्या पदवीवर बढती घेतलेले लोक यात होते.

तिसरे आपल्या घराजवळचे आहे. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था १९७१ ची, पत्रद्वारा अभ्यासक्रम म्हणून सुरू झालेली. पुढे ती 'आयडॉल' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आता तिचे नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असे आहे. ठाणे जिल्ह्यातील नोकरी करणाऱ्यांच्या दोन पिढ्या तिच्या आधारावर पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाची मुदत एप्रिल २०१७ मध्ये संपली आणि नवे मूल्यांकन लगेच झाले नाही. त्यामुळे २०१८ साली आयोगाने मान्य संस्थांची यादी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात आयडॉलचे नाव नव्हते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत हजारो विद्यार्थी टांगणीला लागले. पुढे त्याच वर्षी मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये विद्यापीठाला ३.६५ गुणांसह 'ए डबल प्लस' श्रेणीही मिळाली. प्रकरण निभावले. परंतु दीडशे वर्षांहून जुन्या विद्यापीठाच्या बाबतीत असे होऊ शकते, तर "एवढे मोठे विद्यापीठ आहे, त्याचे काय तपासायचे" हे वाक्य कोणी उच्चारू नये.

तपासायचे कसे

प्रथम एकच प्रश्न विचारावा : पदवीच्या कागदावर कोणाचे नाव असेल? क्लासचे नाव, ॲपचे नाव, 'अकादमी' किंवा 'इन्स्टिट्यूट'चे नाव यांना काही अर्थ नाही. पदवी विद्यापीठच देते. ते नाव एका कोऱ्या कागदावर पूर्ण लिहून घ्यावे, गावासह, राज्यासह. नावे मुद्दाम फसवी असतात. प्रसिद्ध विद्यापीठाच्या नावाला 'राष्ट्रीय', 'मुक्त', 'आंतरराष्ट्रीय' असा एखादा शब्द जोडला की नवे दुकान तयार होते.

नंतर डीईबीच्या संकेतस्थळावर जावे. तेथे विद्यापीठानुसार, वर्षानुसार मान्य अभ्यासक्रमांची यादी असते. त्या यादीत आपल्याला पाहिजे तो अभ्यासक्रम, पाहिजे त्या माध्यमात आणि आपल्या प्रवेशाच्या सत्रासाठी दिसला पाहिजे. प्रवेशाची सत्रे वर्षात दोन, जुलै-ऑगस्टचे आणि जानेवारी-फेब्रुवारीचे. यादीचे ते पान छापून घ्यावे, त्यावर तारीख लिहावी आणि प्रवेशाच्या पावतीबरोबर जपून ठेवावे. पाच वर्षांनी पडताळणीच्या टेबलावर हे पान फार उपयोगी पडते. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील 'यूजीसी मान्य' या शिक्क्यावर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नये. बँकेत आम्ही ग्राहकाने आणलेल्या झेरॉक्सवर खाते उघडत नाही, मूळ पाहतो. येथेही तसेच.

सप्टेंबर २०२४ पासून दूरशिक्षणाच्या किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला डीईबी-आयडी काढावा लागतो. तो एकदाच काढायचा असतो आणि आपल्या श्रेयांक खात्याशी जोडलेला असतो (या खात्याविषयी पुढे येतेच). ही फार चांगली सोय झाली आहे. कोणी दलाल "आयडी-बिडीची काही गरज नाही, आम्ही सांभाळतो" असे म्हणाला, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

काही विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन होतच नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, फिजिओथेरपी, वास्तुकला, कायदा, कृषी, हॉटेल व्यवस्थापन यांच्या पदव्या या मार्गाने देण्यास मनाई आहे. पीएच.डी. सुद्धा नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्य आणि संलग्न सेवांतील विषयही यात आले असून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण व आहारशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांचा त्यात समावेश आहे. तेव्हा "ऑनलाइन एलएल.बी." किंवा "ऑनलाइन नर्सिंग" असे ऐकले की पुढचे ऐकूच नये. एम.बी.ए., एम.सी.ए. सारख्यांना एआयसीटीईची संमतीही लागते. बी.एड. दूरशिक्षणाने आहे, पण ते सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी. नोकरी नसलेल्या मुलीला कोणी घरबसल्या बी.एड. देऊ करत असेल तर सावध व्हावे.

आता नाक्यावरच्या क्लासविषयी. एका खोलीत संगणक, भिंतीवर चार विद्यापीठांच्या पाट्या आणि टेबलामागे बसलेला गोड बोलणारा माणूस, हे चित्र भिवंडीत नवे नाही. नियम असा की दूरशिक्षणाचे किंवा ऑनलाइन शिक्षणाचे काम विद्यापीठाला फ्रँचायझी देऊन करून घेता येत नाही. आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये ऑनलाइन कंपन्यांच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केले. राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या कार्यक्षेत्रातच देता येते, ऑनलाइनला मात्र क्षेत्राचे बंधन नाही. म्हणून परराज्यातील विद्यापीठाचे 'दूरशिक्षण केंद्र' आपल्या गल्लीत निघाले असेल तर ते का आणि कसे, हे विचारलेच पाहिजे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे, जे १९८९ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झाले, प्रत्येक अभ्यासकेंद्र संकेतांकासह विद्यापीठाच्या यादीत असते. यादीत संकेतांक नसेल तर ते केंद्र नाही.

तीन वर्षांची पदवी एका वर्षात देणाऱ्यांविषयी काय लिहावे? थोडे गणित पुरे. नव्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे, जो २०२३ मध्ये आला, एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास आणि एका वर्षाचे साधारण ४० श्रेयांक. म्हणजे वर्षाला १२०० तास. वर्षातील ३०० दिवस धरले तर रोज चार तास. गोदामातून सकाळी परतणाऱ्याला हे चार तास काढणे किती कठीण आहे, याचा विचार प्रवेश घेण्याआधी व्हावा. जो एका वर्षात तीन वर्षे बसवतो तो दिवसाला बारा तास शिकवीत नाही. तो काहीच शिकवीत नाही.

पैशाचे

हा आमचा रोजचा विषय असल्याने थोडे लांबेल. फी कोणाच्या खात्यात जाते ते पाहावे. ती विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात गेली पाहिजे. क्लासचालकाच्या बचत खात्यात किंवा त्याच्या फोन नंबरवर पैसे गेले की नंतर विद्यापीठ म्हणते, आम्हाला मिळालेच नाहीत, आणि ते खरेही असते.

दुसरे अधिक गंभीर. अलीकडे "फी हप्त्याने भरा" असे सांगून मोबाईलवर एक संमती घेतात. आधार क्रमांक, ओटीपी, एक सही. पालकांना वाटते की कॉलेजने हप्ते पाडून दिले. प्रत्यक्षात ते एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते, बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या नावावर. पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या कंपनीकडे जाते आणि दरमहा खात्यातून हप्ता वळता होण्याची कायमची सूचना बँकेत नोंदली जाते. मुलाने तिसऱ्या महिन्यात शिक्षण सोडले, अभ्यासक्रमाची मान्यता नसल्याचे कळले, काहीही झाले, तरी कर्ज चालूच राहते. हप्ता परत गेला की बँकेचा दंड, वित्तसंस्थेचा दंड, आणि पालकाचे कर्ज-पत खराब. पुढे घरासाठी कर्ज मागायला आल्यावर हे बाहेर येते. काउंटरवर अशी माणसे येतात तेव्हा आमच्याजवळ त्यांना देण्यासारखे उत्तर नसते. ज्या कागदावर 'कर्ज', 'लोन', 'क्रेडिट लाइन', 'मँडेट' यांपैकी एक शब्द आहे, तो कागद घरी आणून दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेणाऱ्यांनी आधी महाडीबीटीवर पाहावे. अर्ज भरताना संस्था आणि अभ्यासक्रम यादीतून निवडावे लागतात. यादीत नसतील तर अर्जच पुढे जात नाही, मग विद्यार्थी कितीही पात्र असो. प्रवेश घेऊन झाल्यावर हे कळण्यात काय अर्थ?

श्रेयांकांचे खाते

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. एका ठिकाणी केलेला अभ्यास दुसरीकडे धरला जाईल का?

पूर्वी याचे उत्तर बहुधा नाही असेच होते. कॉलेज सोडले की पुन्हा पहिलीपासून. केंद्र सरकारने यासाठी 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली, तिचे नियम २८ जुलै २०२१ चे आहेत. नावात बँक आहे म्हणून बँकेच्याच भाषेत सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे बारा अंकी क्रमांकाचे एक खाते असते. ते डिजिलॉकरमधून मोफत उघडता येते. पण या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही. भरणा फक्त विद्यापीठ करते, तेही या व्यवस्थेत नोंदलेले असेल तरच. म्हणून "मी सर्टिफिकेट अपलोड केले" या म्हणण्याला अर्थ नाही. खात्यात नोंद दिसते का, ते पाहावे. कॉलेजने नोंद केली नसेल तर त्यांच्या मागे लागून ती करून घ्यावी, सोडल्यानंतर दोन वर्षांनी नव्हे, निकाल लागल्याच्या महिन्यात.

जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. एकदा ते एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात, त्याच श्रेयांकांवर दुसरी पदवी मिळत नाही. आणखी एक महत्त्वाची अट अशी की, ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची तेथे किमान निम्मे श्रेयांक मिळवले पाहिजेत. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली तर साठ तरी तेथलेच हवेत. शेवटचे एक सत्र मोठ्या विद्यापीठात करून त्याचे नाव कागदावर घ्यावे, अशी कोणाची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी.

हे झाले जमेचे. पण खात्यात श्रेयांक आहेत म्हणजे दुसरे विद्यापीठ ते घेईलच असे नाही, आणि विद्यार्थी नेमके येथे फसतात. दुसऱ्या बँकेचा चेक आपल्या खात्यात टाकला म्हणून पैसे मिळत नाहीत, तो समोरच्या बँकेत वटावा लागतो. तसेच नवे विद्यापीठ आपले विषय त्याच्या विषयांशी जुळवून पाहते आणि जेवढे जुळतील तेवढेच धरते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भिवंडीच्या कॉलेजात वाणिज्य शाखेचे प्रथम वर्ष केले आणि नंतर कलाशाखेत ऑनलाइन प्रवेश मागितला, तर चाळीसपैकी किती धरले जातील हे नवे विद्यापीठ ठरवील. ते किती धरणार हे प्रवेशाआधी लेखी मागावे. फोनवर "सगळे ट्रान्सफर होते सर" असे सांगणारा हा प्रवेशविभागातील पगारी माणूस असतो, निर्णय घेणारा नव्हे. लेखी उत्तरात विषयवार यादी असावी : कोणता जुना विषय कोणत्या नव्या विषयाच्या जागी, किती श्रेयांकांना.

'स्वयम्' या सरकारी मंचाचेही असेच. जुलै २०१७ मध्ये तो सुरू झाला. शिकणे मोफत आहे, परीक्षेला फी आहे. आयोगाच्या २०१६ च्या नियमात कॉलेजातील विद्यार्थ्याला 'स्वयम्'वरून २० टक्क्यांपर्यंत विषय करता येत, २०२१ मध्ये ती मर्यादा एका सत्रातील विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. पण कोणते विषय चालतील ते त्या त्या विद्यापीठाची विद्यापरिषद ठरवते. म्हणून आधी कॉलेजला विचारावे आणि मग नाव नोंदवावे. मनाने चांगला वाटणारा विषय निवडून, बारा आठवडे राबून, परीक्षा देऊन मग कॉलेजात गेलेल्या मुलांना "आमच्या यादीत नाही" हे उत्तर मिळाल्याचे आम्ही पाहिले आहे. विषय उपयोगी असेल, ज्ञान वाया जात नाही हे खरे, पण श्रेयांक मिळत नाहीत. परदेशी मंचांवरील 'पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र' हे तर श्रेयांक नव्हेच. खाजगी नोकरीत ते दाखवावे, पडताळणीत दाखवू नये.

मध्येच शिक्षण सोडावे लागणाऱ्यांसाठी नव्या धोरणात एक वाट आहे. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि त्याबरोबर चार श्रेयांकांचा व्यावसायिक विषय पूर्ण केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांतून हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. बाहेर पडताना मात्र कागद घेऊनच बाहेर पडावे. या बाबतीत डॉ. बाबासाहेबांचे उदाहरण आठवते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मधल्या तीन वर्षांतील हालअपेष्टा आपण सर्व जाणतो. त्या परवानगीची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

ज्यांनी २०२१ पूर्वी शिक्षण सोडले त्यांचे काय? आपल्या सभासदांत असे पुष्कळ आहेत. त्यांना या श्रेयांक खात्याचा उपयोग नाही, कारण शैक्षणिक वर्ष २०२१-२२ पासूनचा अभ्यासच त्यात जमा होतो. २००८ साली द्वितीय वर्ष पास झालेल्याने जुनी गुणपत्रके घेऊन थेट विद्यापीठाला विचारावे की थेट द्वितीय किंवा तृतीय वर्षाला प्रवेश मिळेल का. उत्तर विद्यापीठागणिक वेगळे असते आणि बहुतेक वेळा अभ्यासक्रम बदललेला असल्याने ते निराशाजनकही असते. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

राहता राहिली नावाची गोष्ट. श्रेयांक खाते आधारवरून निघते, त्यामुळे आधारवरचे नाव आणि विद्यापीठातील नाव जुळावे लागते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी. कोणाच्या दाखल्यावर वडिलांचे टोपणनाव लागलेले असते. कित्येक घरांत मागच्या पिढीने आडनाव बदलले आणि मुलांच्या कागदांवर अर्धे जुने, अर्धे नवे राहिले. विवाहित भगिनींचे तर माहेरचे नाव दहावीच्या कागदावर आणि सासरचे आधारवर. खाते उघडताना अक्षराचाही फरक असेल तर जोडणी अडते, आणि ती नेमकी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी अडते. दहावीच्या गुणपत्रकावरील नाव प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्यावे. नाव खरेच बदललेले असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रत जवळ ठेवावी. या कामाला आठवडे लागतात, तेव्हा जुलैच्या प्रवेशासाठी ते एप्रिलमध्ये हाती घ्यावे, आणि जानेवारीच्या प्रवेशासाठी दिवाळीपूर्वी.